सेल्फला झटका, घाटात दम नाही: जुन्या अँबेसिडरचं टायमिंग बांधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९६८ ची अँबेसिडर, मार्क टू. इंजिन उतरवून बोअर केलं, चाळीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन टाकले, हेडला फेस मारला, म्हणजे घासून सपाट केला. या कामात गाडी काही महिने गॅरेजात पडून राहिली. आता सुरू होते, पण गरम असताना सेल्फ मारला की इंजिन उलटा झटका देतं. यवतेश्वरच्या घाटात सुरुवातीला कडकड वाजतं, जरा वेग घेतला की आवाज थांबतो पण ओढच राहत नाही, आणि वर पोचेपर्यंत पाणी उकळायला येतं. एक मिस्त्री म्हणतो टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे (लवकर) आहे, दुसरा म्हणतो मागे (उशिरा) आहे. खरं कुणाचं, किती अंशांवर बांधायचं, आणि टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) विकत घ्यायची का?

दोघांचंही खरं आहे. सेल्फच्या वेळी तुमचं टायमिंग पुढे आहे आणि घाटात वेग घेतल्यावर मागे आहे. एकाच गाडीत, एकाच दिवशी, डिस्ट्रिब्युटरला (प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या भागाला) कुणी हात न लावता. त्यामुळे तो धरून फिरवत बसलात तर जन्मभर फिरवत राहाल. एक मिस्त्री इकडे, दुसरा तिकडे. माझा अंदाज असा की डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली अॅडव्हान्सची वजनं अडकली आहेत. गाडी सहा महिने-वर्ष नुसती पडली की हा आजार हमखास होतो.

असं का म्हणतो ते सांगतो, कारण हे डोक्यात बसलं की पुढचं काम सोपं आहे.

प्लगमध्ये ठिणगी पडली म्हणजे लगेच धक्का बसला असं होत नाही. मिश्रण पेटून दाब वाढायला काही क्षण जातात, आणि दाबाचा जोर पिस्टन टीडीसीवरून (त्याच्या सगळ्यांत वरच्या जागेवरून) खाली निघाल्यानंतर, साधारण १२ ते १५ अंशांवर मिळाला तर त्याचा उपयोग होतो. म्हणून ठिणगी टीडीसीच्या आधी द्यावी लागते. किती आधी, ते इंजिनाच्या वेगावर. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक जेमतेम ५ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात १८ अंश. वेग वाढला की सिलिंडरमध्ये घुसळण वाढते आणि आगही लवकर पसरते, त्यामुळे हिशेब अगदी त्याच प्रमाणात वाढत नाही, पण ठिणगी बरीच पुढे न्यावी लागते हे नक्की. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कॅमला पुढे ढकलतात. अशा इंजिनांत फुल रेसला एकूण अॅडव्हान्स बहुधा २८ ते ३४ अंशांच्या आसपास जातो. त्यातला मोठा हिस्सा वजनांचा.

आता तुमची वजनं अडकली आहेत असं धरा. इंजिन जोडल्यावर गाडीला पिकअप नव्हता. कुणीतरी डिस्ट्रिब्युटर थोडा पुढे फिरवला, बरं वाटलं. आणखी फिरवला, आणखी बरं वाटलं. असं करत ठिणगी समजा १४-१५ अंशांवर आली आणि तिथेच खिळली. सेल्फच्या संथ वेगाला १५ अंश फार झाले, म्हणून उलटा झटका. घाटाच्या पायथ्याशी कमी वेग आणि जड ओझं, तिथेही फार झाले, म्हणून कडकड. पण २५००-३००० फेऱ्यांवर १५ अंश म्हणजे अर्धेच. मिश्रण पिस्टन खाली जाताना उशिरापर्यंत जळत राहतं, त्याची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टच्या वाटेनं हेडमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये जाते. ओढ गेली, पाणी तापलं. मग रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट काढून टाका, असले उद्योग सुरू होतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तपासायला एक मिनिट लागतं. इंजिन बंद. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. रोटर (कॅपखालचा फिरता तुकडा) बोटांत धरून तो ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेनं हलका पीळ द्या. अँबेसिडरच्या या इंजिनात रोटर वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतो. पीळ दिल्यावर रोटर थोडा पुढे गेला पाहिजे आणि सोडल्याबरोबर स्प्रिंगनं टपकन मागे आला पाहिजे. अजिबात हलला नाही, किंवा पुढे जाऊन तिथेच मेंगळटासारखा राहिला, तर दुखणं सापडलं. दुसऱ्या कुठल्या गाडीवर हे करत असाल तर दिशा आधी ठरवा: हँडल फिरवून रोटर कुठे जातो ते डोळ्यांनी बघा.

अडकली असतील तर डिस्ट्रिब्युटर बाहेर काढावाच लागेल. काढण्यापूर्वी एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा आणि रोटरचं तोंड कुठे आहे ते बॉडीवर खडूनं आखा. क्लँप प्लेट ब्लॉकला धरणारे बोल्ट काढा, बॉडीला आवळणारा पिंच बोल्ट तसाच ठेवा. बसवताना चूक व्हायची भीती नाही, कारण खालची जीभ मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली आहे, ती एकाच प्रकारे बसते. मात्र इंजिन उघडलं तेव्हा खालचा ड्राइव्ह शाफ्टही काढला असेल आणि तो एखादा दात चुकीचा घातला असेल, तर रोटर भलत्याच दिशेला तोंड करून उभा राहतो. त्यानं इंजिन बिघडत नाही. वायरी त्या हिशेबानं लावल्या तर चालतंसुद्धा. पण व्हॅक्युमची डबी (हलक्या पेडलला टायमिंग आणखी पुढे नेणारी) ब्लॉकला किंवा पाइपाला अडते आणि फिरवायला जागाच उरत नाही. तो शाफ्ट आत उतरताना तिरक्या दातांमुळे घड्याळाच्या उलट फिरत जातो, हे लक्षात ठेवून आधीच तेवढा मागे धरून सोडायचा असतो.

डिस्ट्रिब्युटर टेबलावर आला की पॉइंटची (ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या संपर्कांची) प्लेट उचला. खाली वजनं दिसतील. तिथे तपकिरी, चिकट, लाखेसारखं झालेलं जुनं ग्रीस असेल. रॉकेलमध्ये धुवा, ब्रशनं खिळ्यांभोवतीचा गंज काढा, वजनं हातानं उघडझाप करून सैल झाली याची खात्री करा, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. ग्रीस भरू नका, वर्षभरात पुन्हा तेच होईल. आता एक गोष्ट जपून: दोन स्प्रिंगा सारख्या नसतात. एक बारीक आणि ताणलेली असते, दुसरी जाड आणि तिच्या कडीत थोडी ढील असते. ती ढील मुद्दाम आहे. सुरुवातीचा अॅडव्हान्स एकट्या बारीक स्प्रिंगवर भरभर वाढतो, मग जाड स्प्रिंग ओढ घेते आणि वाढ मंदावते. ढील बघून कडी पक्कडीनं आवळून टाकणारे किंवा दोन्ही स्प्रिंगा एकसारख्या बसवून 'जोडी जमवणारे' मी पाहिले आहेत. त्यानंतर कितीही अंशांवर बांधा, गाडी कुठल्या ना कुठल्या वेगाला रुसणारच.

टेबलावर असतानाच शाफ्ट आडवा हलवून बघा. बुश झिजून शाफ्ट डगडगत असेल तर पॉइंटचा गॅप दर फेरीला वेगळा येतो. अशा वेळी बुश बदलून घ्या. साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवाला कुणीही कांस्याचा बुश बनवून देईल, फक्त रीमर मारून फिटिंग नेमकं द्यायला सांगा. आणि पॉइंटच्या प्लेटवरून बॉडीकडे जाणारी कापडी वेष्टणाची बारीक अर्थ वायर ओढून बघा. व्हॅक्युमनं प्लेट हलली की ती वायर दर वेळी वाकते आणि आतून तुटते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. मग गाडी एका ठरावीक पेडलवर मिसिंग देते आणि लोक कार्बोरेटर खोलत बसतात.

व्हॅक्युमची डबी तोंडानं तपासायची. पाइप ओढून हवा खेचा: प्लेट सरकली पाहिजे, आणि जिभेनं भोक बंद ठेवलं तर सरकलेलीच राहिली पाहिजे. लगेच परत आली तर आतला पडदा फाटलाय. घाट चढण्याशी याचा थेट संबंध नाही, कारण पूर्ण पेडल दाबल्यावर व्हॅक्युम उरतच नाही. पण सपाट रस्त्यावर पेट्रोलचा अॅव्हरेज घसरतो तो यामुळे.

मग पॉइंट. टायमिंगच्या आधी पॉइंट, हा क्रम कधी उलटा करायचा नाही. पॉइंट उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते, त्यामुळे गॅप बदलला की टायमिंग आपोआप बदलतं. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजून गॅप कमी झाला की मागे. तुम्ही टायमिंग बांधून मग पॉइंट साफ केलेत तर सगळी मेहनत वाया. लुकासच्या या डिस्ट्रिब्युटरला गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे अंदाजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. मी १५ थाउची पट्टी वापरतो. टाच कॅमच्या नेमक्या टोकावर आणूनच मोजायचं. जुन्या पॉइंटला एका बाजूला खड्डा आणि समोर टेंगूळ झालेलं असतं. पट्टी टेंगळावर बसते आणि खोटं माप सांगते. असे पॉइंट बदला. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्यानं पुसा. कॉइलची वायर आणि कंडेन्सरची वायर दोन्ही पॉइंटच्या स्प्रिंगला लागल्या पाहिजेत, पण खालच्या खुंटीला नाही. फायबरचे वॉशर उलटसुलट घातले की ठिणगी गायब, आणि हे ताज्या दुरुस्तीनंतर फार होतं. कॅमवर ग्रीसचा नखाएवढा लेप द्या, नाहीतर टाच भराभर झिजेल.

कंडेन्सरबद्दल मला फारसं बोलायचं नाही. आज बाजारात मिळणारे बरेच कंडेन्सर गरम झाले की दगा देतात. एक जादा डिकीत ठेवा.

आता टीडीसी. तुमच्या क्रँक पुलीच्या कडेला एक खाच असते आणि टाइमिंग कव्हरवर टोकं असतात, सगळ्यांत लांब टोक टीडीसीचं, बाकीची ५-५ अंशांची. ती बहुधा खालच्या बाजूला असतात, म्हणजे गाडीखाली आडवं झाल्याशिवाय दिसत नाहीत. पण इंजिन एकदा उघडून जोडलेलं आहे. पुली किंवा कव्हर दुसऱ्या इंजिनाचं आलं असेल, तर ती खूण कुणाची कोण जाणे. म्हणून एकदा खरा टीडीसी काढा, आयुष्यभराचं काम होतं.

त्यासाठी एक जुना प्लग घ्या, आतली चिनी माती फोडून काढा, उरलेल्या लोखंडी कवचात आटे पाडून एक बोल्ट बसवा, टोक गोल घासा. झाला पिस्टन स्टॉप. चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरेल. एक नंबरच्या भोकात हा स्टॉप बसवा. हँडलनं इंजिन सावकाश सरळ फिरवा, पिस्टन बोल्टला टेकून थांबेल. कव्हरच्या टोकासमोर पुलीवर खूण करा. आता उलट फिरवा, दुसऱ्या बाजूनं येऊन पुन्हा टेकेल, दुसरी खूण. दोन खुणांमधल्या लहान अंतराचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. सेल्फनं मात्र हे कधीही करायचं नाही, पिस्टनला भोक पडेल. आणि प्लगच्या भोकात पेचकस घालून 'वर आला का' बघण्याची सवय या इंजिनात सोडा. प्लग तिरका बसतो, पेचकस पिस्टन आणि हेडमध्ये अडकून वाकतो. नव्या पिस्टनवर ओरखडा कशाला?

पुलीवर अंश आखायला महागडं काही लागत नाही. पुलीच्या घेराभोवती दोरा गुंडाळून मोजा, ३६० नं भागा. समजा घेर ३९३ मिलिमीटर आला, तर एक अंश म्हणजे १.०९ मिलिमीटर, ५ अंश म्हणजे साडेपाच मिलिमीटरला अगदी किंचित कमी. इंजिन समोरून घड्याळाच्या दिशेनं फिरतं, त्यामुळे खाच टोकाजवळ येण्याआधीची जागा म्हणजे टीडीसीच्या आधीचे अंश. खाचेपासून फिरण्याच्या दिशेला तेवढं अंतर मोजून पुलीच्या कडेवर खूण केलीत की ती आधी टोकासमोर येते. पांढऱ्या रंगानं बारीक रेघ ओढा.

एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे की एक्झॉस्टवर, हे ओळखण्यासाठी टॅपेट कव्हर काढून चार नंबरचे दोन वॉल्व बघा. एक्झॉस्टचा बंद होत येतो आणि इनटेकचा उघडायला लागतो, दोन्ही रॉकर एकाच वेळी हलकेच डुलतात, तेव्हा एक नंबर कॉम्प्रेशनला असतो. इथेच आणखी एक परीक्षा होऊन जाते. खऱ्या टीडीसीला चार नंबरचे रॉकर साधारण समसमान डुलत नसतील, एकीकडे उघड उघड ओढ असेल, तर टायमिंग चेनच चुकीची बसली आहे. दोन्ही चक्रांवरच्या ठिपक्यांची खूण एका रेषेत, एकमेकांकडे तोंड करून बसवायची असते. एक दात चुकला की क्रँकचे सुमारे १५ ते २० अंश जातात आणि ते डिस्ट्रिब्युटर फिरवून कधीच भरून येत नाहीत, कारण वॉल्वच चुकीच्या वेळी उघडतात. तुमच्या गाडीत मला ही शंका कमी वाटते, पण कव्हर उघडलेलंच आहे तर बघून घ्या.

बांधायची पद्धत आता सरळ आहे. हँडलनं इंजिन सरळ दिशेनं फिरवत ५ अंशांच्या खुणेवर आणा. खूण पुढे गेली तर तेवढंच मागे ओढून लावू नका. चांगलं पाव फेरी मागे जाऊन पुन्हा सरळ दिशेनं या, म्हणजे चेनची ढील एकाच बाजूला राहते. १२ व्होल्टचा साधा बल्ब घ्या, एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. क्लँप किंचित सैल करा. बॉडी घड्याळाच्या उलट फिरवा, बल्ब विझू द्या. मग रोटरला एका बोटानं त्याच्या फिरण्याच्या विरुद्ध हलका दाब देऊन ठेवा आणि बॉडी घड्याळाच्या दिशेनं सावकाश, अगदी सावकाश फिरवा. बल्ब पेटला त्या क्षणी थांबा आणि क्लँप आवळा. आवळल्यावर पुन्हा हँडल फिरवून तपासा, कारण आवळताना बॉडी सरकते. क्लँप जिवाच्या आकांतानं आवळू नका, प्लेट वाकते. इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून खराब होईल.

वायरींचा क्रम १-३-४-२, रोटरच्या दिशेनं म्हणजे घड्याळाच्या उलट. फियाटचा आणि जुन्या विलीस जीपचाही क्रम हाच, पण जीपचा गॅप २० थाउ, आणि तिचा डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या शाफ्टवर चालतो, त्यामुळे पंप काढला की टायमिंग गेलंच म्हणून समजायचं.

बल्बपेक्षा लाइट बरी का? तुमच्या बाबतीत हो, पण वेगळ्या कारणासाठी. आयडलचं टायमिंग बल्बनं पुरेसं नेमकं येतं. लाइटचा खरा उपयोग वजनं काम करतात का ते बघायला होतो. व्हॅक्युमचा पाइप काढून तोंड बंद करा, पुलीवर ३० अंशांपर्यंत रेघा ओढा, कुणाला तरी हळूहळू रेस द्यायला सांगा. खूण एकसंध सरकत पुढे गेली पाहिजे आणि सोडल्यावर परत जागेवर आली पाहिजे. जागच्या जागी थरथरत असेल तर बुश गेलेत. अडकून मग उडी मारत असेल तर वजनं अजून मोकळी नाहीत. विकत घ्यायची नसेल तर कुणाकडून तासाभरासाठी आणा. सैल कपडे, पंखा आणि बेल्ट यांचं भान ठेवा. लाइटच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो.

आता अंशांचा प्रश्न. तुम्हाला एक आकडा हवा आहे, पण हँडबुकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी आणि कारखान्यातून आलेल्या हेडसाठी होता. तेव्हा आपल्याकडचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं असायचं, आजचं त्याहून बरंच सरस आहे, म्हणून ही इंजिनं आज थोडा जास्त अॅडव्हान्स पचवतात. उलट तुमच्या हेडला फेस मारलाय, म्हणजे कॉम्प्रेशन वाढलं. ते जास्त अॅडव्हान्स पचू देत नाही. दोन्ही एकमेकांना किती कापतात हे पुस्तक सांगू शकत नाही, घाट सांगतो. मी अशा गाडीला ५ अंशांवर बांधून देतो आणि तिथून पुढे कानानं जातो.

त्यासाठी तुम्ही योग्य गावात राहता. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट लागतो तो चढ याला उत्तम. कासला फुलं असतात त्या दिवसांतला शनिवार-रविवार टाळा, मागं वाहनांची रांग असताना कान देता येत नाही. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. थंडीच्या पहाटे नाही, दुपारच्या उन्हात जा, कारण आवाज गरम हवेत येतो. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३०-३५ वर चढ धरा आणि पेडल हळूहळू पूर्ण दाबा. काचा खाली, रेडिओ बंद. पिंकिंगचा, म्हणजे त्या कडकडीचा, आवाज पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा, कोरडा आणि बारीक. पेडल सोडलं की क्षणात थांबतो. टॅपेटचा आवाज पेडल सोडल्यावरही चालूच राहतो, तो वेगाबरोबर वाढतो, ओझ्याबरोबर नाही. नवे ओव्हरसाइज पिस्टन थंड असताना थोडे ठकठकतात, गरम झाल्यावर गप्प होतात. हे तीन आवाज वेगळे ओळखता आले की अंश ठरवायला लाइटची गरज संपली.

आवाज अजिबात आला नाही तर एक अंश पुढे घ्या आणि पुन्हा चढा. डिस्ट्रिब्युटरवर खरखरीत कडेचा गोल नट असेल तर त्यावर 'ए' आणि 'आर' दिशा असतात. ए म्हणजे पुढे. त्याच्या साधारण अकरा टिकटिक म्हणजे क्रँकचा एक अंश. नट नसेल तर बॉडी हातानंच सरकवायची, आणि डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो हे ध्यानात ठेवा: बॉडी एक अंश हलवली की टायमिंग दोन अंश बदलतं. म्हणजे हात केसभरच हलायला हवा. हलका आवाज येऊ लागला की तिथून दोन अंश मागे या आणि थांबा. जुने मिस्त्री म्हणायचे की चढावर किंचित वाजलं पाहिजे तरच टायमिंग बरोबर. चालू, मुरलेल्या इंजिनाला ते चालतं. नुकत्याच बोअर केलेल्याला नाही. पिंकिंगनं रिंगांमधली पिस्टनची कड तुटते, आणि नवे पिस्टन पुन्हा पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोलकात्याच्या मलिक बाजारात शोधत फिरावं लागतं.

महाबळेश्वरला नेऊन टायमिंग बांधू नका. तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १४-१५ टक्क्यांनी कमी, त्यामुळे सिलिंडर कमी भरतं आणि इंजिन जास्त अॅडव्हान्स गपगुमान सोसतं. तीच गाडी आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरवून कोकणच्या दमट उन्हात परतीचा चढ घेतला की वाजायला लागते. कोकणात वरचेवर जात असाल तर साताऱ्यात जमलेल्या आकड्यावरून आणखी एक अंश मागे ठेवा.

पहिल्यांदा सुरू करताना हँडल मारणार असाल तर अंगठा बाकी बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीसारखा पलीकडून गुंडाळू नका, आणि हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. तुमच्या इंजिनानं सेल्फला झटका दिलाच आहे. मनगटाला दिला तर हाड जातं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं कुणीतरी सुचवलं आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. पॉइंटची कटकट जाते हे खरं, पण ते किट फक्त पॉइंटची जागा घेतं. वजनं, स्प्रिंगा, बुश सगळं तेच राहतं. म्हणजे अडकलेल्या वजनांवर ते बसवलंत तर आजचाच आजार नव्या खर्चासकट राहील. आधी डिस्ट्रिब्युटर धुवा. किट घ्यायचंच असेल तर गाडीचा अर्थ प्लसचा आहे की मायनसचा, ते बॅटरीवर बघून घ्या. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत प्लस अर्थ सापडतो आणि उलटं जोडलं की किट पहिल्याच क्षणी जळतं.

पाचशे किलोमीटर झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कनं आवळाल, टॅपेट लावाल, तेव्हा पॉइंटचा गॅप पुन्हा मोजा. नवी टाच सुरुवातीला झपाट्यानं झिजते, म्हणजे टायमिंग नकळत मागे गेलेलं असेल. गॅप १५ थाउवर आणलात की ते बहुतेक आपसूक जागेवर येतं, बॉडीला हात लावावा लागत नाही. त्यानंतर बॉडी आणि ब्लॉक यांच्यावर एका रेषेत पंचनं बारीक खूण मारून ठेवा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीनं फिरवली तर तुम्हाला कळेल.